कादंबरीतली विहीर

पुस्तकाशी भांडणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं, आणि त्या माणसाला अक्षर ओळखता येत नव्हतं.

ती माझी घरमालकीण. सारंगखेड्याच्या शाळेत मी मास्तरीण म्हणून रुजू झाले तेव्हा आमचा भाग धुळे जिल्ह्यात होता आणि गावात एकट्या बाईला खोली द्यायला कोणी तयार नव्हतं. कोणी जात विचारायचं, कोणी लग्न का नाही झालं ते विचारायचं. ह्या बाईने एवढंच विचारलं, "वाचता येस ना तुले?"

मी म्हटलं, "मी शाळेत शिकवते."

"ते नही इचारं मी. मोठा आवाजमा वाचता येस का?"

येतं म्हटल्यावर तिने माडीवरच्या खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली. रोज शाळा सुटल्यावर ओट्यावर बसून तिला गोष्टीचं पुस्तक वाचून दाखवायचं, एवढी एक अट.

सगळं गाव तिला जिजी म्हणे, मीही म्हणू लागले. तापीकाठच्या गुजर शेतकऱ्यांतली ती विधवा. केळी आणि कापूस स्वतः बघायची, आणि तिच्या बांधावरून जाताना दीर मंडळी आवाज खाली करून बोलायची. उंच, हाडापेराने मोठी, कपाळावर कायमची आठी. घरी गुजरी बोलायची, माझ्याशी अहिराणी. माझी शाळेतली मराठी ऐकली की म्हणायची, तू बोलतेस की पाठ म्हणतेस? यात्रेच्या घोडेबाजारात ती स्वतः घोड्याचा जबडा उघडून दात बघायची. एका व्यापाऱ्याने तिला "बाई, घरच्या कोणा पुरुषाला पाठवा" म्हटलं, तर तिने तोच घोडा त्याच्यासमोर फिरवून तो मागच्या पायाने अधू आहे हे जमलेल्या गिऱ्हाइकांना दाखवून दिलं. मग न घेताच निघून आली.

पुस्तकाचंही तेच. ती ऐकायला बसायची तीच संशयाने. समोर तुरीची डाळ, सूप, आणि हात चाललेले. मी दोन ओळी वाचल्या की हात थांबायचा.

"थांब. हाई कोन सांगी ऱ्हायना?"

"लेखक."

"तिना मनमा काय शे, हाई त्याले कसं समजनं? तो तठे व्हता का?"

"नाही जिजी. कल्पना करतात ते."

"मंग तिले इचारी लेवानं व्हतं."

कोणाला, म्हणून मी विचारलं तर ती माझ्याकडे अशी बघायची, की मीच खुळी. पुस्तकातल्या बाईला! दुसऱ्या कोणाला?

मी तेव्हा कॉलेजातून ताजी ताजी बाहेर पडलेली. साहित्यावरची भाषणं ऐकलेली, निवेदक, पात्र, सौंदर्य असे शब्द तोंडात खेळणारे. त्यातला एकही शब्द त्या ओट्यावर उभा राहिला नाही. चांदण्याचं वर्णन आलं की ती हात हलवायची. "चांदनं आम्ही रोज देखतस. पुढे वाच." नायकाचा उसासा आला की म्हणायची, ह्याला काही काम नाही का? ती नेहमी बरोबर असायची असं नाही. एक उत्तम पुस्तक तिने केवळ त्यातली सून तिच्या पुतण्याच्या बायकोसारखी बोलते म्हणून ऐकायचं नाकारलं. मी हात टेकले.

पण एकदा एका कथेत म्हातारा बैल मरतो तो प्रसंग आला. सूप खाली ठेवून तिने तेवढा भाग पुन्हा वाचायला लावला. मग सूप पुन्हा उचललं. शेवटी म्हणाली, "त्यानी देखेल शे."

मला गंमत वाटली, कारण पुस्तकाच्या मागे लेखकाची माहिती होती. जन्म शहरातला, नोकरी शहरातली. मी ते वाचून दाखवलं. तिला फसवल्यासारखा राग आला. संध्याकाळची वाचनं बंद पडली, माझ्याशी बोलणंही तुटक. आणि मग एके दिवशी केळीच्या बागेतून परत येता येता, मी अंगणात कपडे वाळत घालत होते तिथे येऊन उभी राहिली.

"देखेल नही, तरी त्याले लागनं," ती म्हणाली. "ज्याले लागस, त्याले सम्दं देखानी गरज नही."

एवढं बोलून आत गेली. माझ्या प्राध्यापकांनी वर्षभर जे समजावलं होतं ते मला त्या दिवशी कळलं, असं म्हणण्याचा मोह होतो. पण तसं नाही. प्राध्यापकांनी हे कधी सांगितलंच नव्हतं.

पुस्तक आवडलं नाही तर ती ते दुरुस्त करायची. दुपारी बायका पापड लाटायला जमल्या की ती त्यांना मी वाचलेल्या गोष्टी सांगायची, आणि शेवट बदलून सांगायची. टाकलेली बायको माहेरी जाऊन शेती करायची. क्षयाने मरणारी मुलगी धुळ्याच्या दवाखान्यातून बरी होऊन यायची. हेडमास्तरांच्या पत्नीने त्यातली एक कादंबरी वाचलेली होती. त्या म्हणाल्या, "अहो, ती तर शेवटी मरते."

"मन्ही गोट खरी शे," जिजी म्हणाली. "पुस्तकमा चुकेल शे."

त्या बाई रागावून उठून गेल्या. मी नंतर जिजीला म्हटलं, "तुम्हीही खोटंच सांगता की मग."

लाटणं न थांबवता ती म्हणाली, "मन्हं खोटं त्या पोरले जगाडाकरता शे. त्यानं खोटं कोनाकरता शे?"

तिची आणखी एक तऱ्हा होती, तिचं कारण मला बराच काळ कळलं नाही. तिच्या घरात गाणं चालत नसे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात झाडाझाडाला झोके बांधतात, माहेरवाशिणी दिवसभर गातात. जिजीच्या अंगणातल्या निंबाला कधी झोका लागला नाही. गल्लीतल्या मुली गात गात तिच्या दारावरून जाताना गप्प व्हायच्या आणि पुढे गेल्यावर पुन्हा सुरू करायच्या. मी खोलीत सहज गुणगुणले तरी खालून हाक यायची, "मास्तरीन, तोंड बंद."

मग ती कादंबरी आली.

त्या काळात ती घरोघर गाजत होती. मी शहाद्याच्या वाचनालयात नंबर लावून मिळवली. सासरी छळ होणाऱ्या एका देखण्या, सोशिक बाईची कथा. मी ती वाचायला लागल्यापासून जिजीने एकदाही अडवलं नाही, तेव्हाच मला नवल वाटायला हवं होतं. शेवटच्या प्रकरणात ती बाई पहाटे विहिरीत उडी घेते. पाण्यावर चंद्र, पसरलेले केस, ओठांवर हसू. "इतकी सुंदर ती कधीच दिसली नव्हती," अशा अर्थाचं शेवटचं वाक्य. मी रडत रडत ते वाचलं.

वर पाहिलं तर जिजी उभी होती. तिने माझ्या हातातून पुस्तक काढून घेतलं आणि मिटलं.

"तिले वर कोनी काढं?"

"काय?"

"इहीरमातून वर कोनी काढं तिले? ते लिखेल शे का?"

नव्हतं लिहिलेलं. मी तसं सांगितलं. मग ती खाली बसली आणि तिने मला तिच्या धाकट्या बहिणीबद्दल सांगितलं.

बहीण जवळच्याच एका तापीकाठच्या गावात दिलेली होती. सासरी काय चालायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी काही केलं नाही. एक दिवस निरोप आला, लवकर या. जिजी पोहोचली तेव्हा बहिणीला विहिरीतून काढून बाहेर ठेवलेलं होतं, वर चादर. जिजीने चादर उचलून तिचा हात हातात घेतला.

"नखं तुटेल व्हतात," ती म्हणाली. "तयहात फाटेल. नखस्मा शेवाय व्हतं." शेवाळ. विहिरीच्या दगडांवरचं. "तिले मरानं नव्हतं वं. ती वर येवाले करी ऱ्हायनी व्हती."

ढकललं होतं की उडी घेतली होती, हे जिजीला कधी कळलं नाही. पण उडी घेतली असली तरी पाण्यात पडल्यावर तिला जगायचं होतं, आणि तिने हाक मारली असणार, आणि घर विहिरीपासून हाकेच्या अंतरावर होतं. हे जिजीला पक्कं ठाऊक होतं. सासरच्यांनी पुढे काय केलं? विहिरीशेजारी एक ओटा बांधला. तिला सती म्हणू लागले. आणि दरवर्षी आखाजीला गावच्या बायका त्या ओट्याशी बसून गाणं म्हणू लागल्या. जिजीने ते मला गाऊन नाही, बोलून दाखवलं, एखादी शिवी उच्चारावी तसं:

हासत गयी वं माय, पानीना माहेरले,
हिरवं लुगडं तिनं, रंग दिन्हा लहेरले.

गाणं गोड होतं, हीच तर चीड आणणारी गोष्ट. ते गोड होतं म्हणून ते आजूबाजूच्या गावांत पसरलं, आणि हातांवरच्या जखमा कोणालाच आठवेनाशा झाल्या. फौजदार यायची गरज उरली नाही. गाण्यानेच निकाल देऊन टाकला.

त्याच हिवाळ्यात त्या कादंबरीचे लेखक शहाद्याला व्याख्यानाला येणार असल्याचं कळलं. विषय होता 'कला आणि जीवन'. जिजीने बैल जुंपायला सांगितले. ती एस. टी.त बसत नसे; अनोळखी माणसाच्या हाती लगाम तिला खपत नसे.

मंडप भरला होता. बायका एका बाजूला सतरंजीवर. लेखक दिसायला रुबाबदार, आवाज भारदस्त. कलावंत फक्त सौंदर्याला उत्तर देण्यास बांधलेला असतो, असं ते म्हणाले, टाळ्या पडल्या. मरण जीवनात कुरूप असतं, कलेत ते सुंदर होतं, असं म्हणाले; आणखी टाळ्या पडल्या. अध्यक्षस्थानी एक वकील होते. त्यांनी कोणाला काही विचारायचं आहे का म्हटलं, आणि ते आभाराकडे वळत असतानाच जिजी उभी राहिली.

"भाऊ, तुम्ही ती बाईले इहीरमा टाकं. ती गुदमरनी का नही?"

मंडपात हशा पिकला. वकील म्हणाले, "आजी, खाली बसा." लेखकांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि समजूतदार हसून म्हणाले, "बाई, ती खरी नाही. कागदावरची आहे."

"ती खरी नही, तं मन्ही हाई पोर कसाले रडनी?" तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. सगळा मंडप माझ्याकडे बघू लागला. "हिनं रडनं बी खोटं का?"

"नाही, नाही. तीच तर कलेची किमया."

"खरं रडाले लावतस, तं खरं सांगाले नको का?"

ह्याचं उत्तर आजपर्यंत मला कोणाकडून मिळालेलं नाही. त्या दिवशीही मिळालं नाही. वकिलांनी घड्याळाकडे बघून वेळ संपल्याचं सांगितलं, मागून कोणीतरी तिच्या आवाजाची नक्कल केली, "गुदमरनी का नहीऽऽ," आणि पुन्हा हशा. शिकलेली माणसं होती ती. शिक्षक होते, डॉक्टर होते, माझे काही सहकारी होते. मला वाटलं उठून एकेकाला जाब विचारावा. जिजीने माझा हात दाबून मला खाली बसवलं.

नंतर चहाच्या वेळी लेखक स्वतःच आमच्याकडे आले. मी त्यांना त्याचं श्रेय देते, कारण तेव्हा मला ते खरोखर चांगले वाटले. म्हणाले, "बाई, तुम्ही इतक्या का रागावलात?" आणि जिजीने, जिने हे माझ्याशिवाय गावात कोणाला सांगितलं नव्हतं, त्या परक्या माणसाला नखांचं सांगितलं. तिला वाटलं, हा लिहिणारा आहे, ह्याच्या कामाचं आहे. मी तिच्या बोलण्याची मराठी करत होते. लेखकांचे डोळे पाणावले. त्यांनी दोन्ही हात जोडले. "मी हे विसरणार नाही," म्हणाले.

परतीच्या वाटेवर बैलगाडीत जिजी खूश होती. "त्याले लागनं," ती म्हणाली. मीही म्हटलं, हो, लागलं.

पुढच्या दिवाळीत एका अंकात त्यांचा विनोदी लेख आला. दौऱ्यावर भेटलेल्या नगांविषयी. त्यात एक अडाणी म्हातारी, जी कादंबरीतल्या बाईच्या खुनाबद्दल लेखकावर खटला भरू पाहते. तिची भाषा वेडीवाकडी लिहिलेली, अहिराणीही धड नाही, नुसतं बोबडं काहीतरी. शेवटी ती लेखकाला विचारते, विहीर कोणाच्या मालकीची होती? आमच्या शिक्षकांच्या खोलीत तो लेख मोठ्याने वाचला गेला आणि हेडमास्तर डोळे पुसेपर्यंत हसले. मी अंक हिसकावून घेतला. "ह्या बाईला तुम्ही ओळखता," मी म्हटलं. "तिच्या घरची केळी तुम्ही खाल्लीत." ते म्हणाले, "बाई, विनोद आहे हो. साहित्य म्हणून बघा."

साहित्य म्हणून बघा! हे वाक्य मी त्यानंतर अनेकांच्या तोंडून ऐकलं, आणि दरवेळी ते कोणाच्या तरी जखमेवर पांघरूण घालायलाच वापरलेलं होतं.

मला तो लेख लपवायचा होता, पण गावात सगळ्यांना ठाऊक झालं होतं. जिजीने ओट्यावर बसवून वाचायला लावलं. सगळं ऐकलं. बोबड्या बोलांनाही तिची आठी वाढली नाही. संपल्यावर म्हणाली, "पुढे वाच."

"संपलं जिजी."

"तिना नखं कोठे गयात?"

मी अंक मिटला.

"मन्ही फजिती करी, करू दे. पन नखं कसाले सोडी दिन्हात?"

ती ओरडली नाही. पुस्तकांवर एवढी ओरडणारी बाई त्या दिवशी अजिबात ओरडली नाही. त्यानंतर तिने मला वाचायला बोलावणं बंद केलं. त्या लेखकांचा पुढे मोठा मान झाला, त्यांची ती कादंबरी कॉलेजात लागली, विहिरीचा प्रसंग परीक्षेत रसग्रहणाला येऊ लागला. जिजी पुढे काही वर्षांनी साध्या तापाने गेली. तेव्हा मी बदलीवर तळोद्याला होते. पण मला सांगायचं आहे ते त्या दिवाळीनंतरच्या आखाजीचं.

आखाजीच्या दिवशी सकाळी तिने मला उठवलं. "चाल," म्हणाली. बैल जुंपलेले होते. कुठे जायचं ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तापीचा काठ धरून आम्ही तिच्या बहिणीच्या सासरी पोहोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. विहिरीशेजारच्या ओट्याला शेंदूर लावलेला, हिरव्या बांगड्या वाहिलेल्या. पंधरा-वीस बायका गोल करून बसल्या होत्या आणि तेच गाणं चाललं होतं. जिजीला पाहून एकदोघी ओळखून सरकल्या. तिने चपला काढल्या आणि मधोमध जाऊन बसली.

त्यांचं कडवं पुरं होऊ दिलं तिने. मग गायला लागली.

मी तिचा गाण्याचा आवाज पहिल्यांदाच ऐकत होते. जाड, न वळणारा, सुरातून निसटणारा. चाल तीच, गावाने इतकी वर्षं घोळवलेली. शब्द तेवढे तिचे:

हासनी नही मन्ही बहीन, हाका मारी ऱ्हायनी,
नखस्मा शेवाय तिना, वर चढी ऱ्हायनी.

तिने पुन्हा म्हटलं. एक तरणी बाई म्हणाली, "असं नही म्हनतस वं, देवीनं गानं शे." दुसरी उठून घराकडे पुरुषांना सांगायला निघाली. जिजी तिसऱ्यांदा म्हणत होती, तिची नजर विहिरीच्या काठावर. मला भीती वाटत होती. त्या घरातले पुरुष कसे होते ते मी ऐकलं होतं.

तेवढ्यात मागच्या बाजूला, भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी पुढे सरकली. कंबरेत वाकलेली. ती त्या बहिणीची थोरली जाऊ होती, हे मला नंतर कळलं. त्याच घरात, त्याच छपराखाली राहिलेली. घराकडे निघालेल्या बाईला तिने हाताने थांबवलं.

"खरं शे ते," ती म्हणाली.



"आम्हले आयकू ये. आख्खी रात आयकू ये. सासूनी दारले कडी लायी दिन्ही व्हती." आणि मग ती तोंडावर पदर दाबून रडायला लागली.

मला वाटलं जिजी तिच्या अंगावर धावून जाईल. मी असते तर गेले असते. एवढ्या वर्षांचा संताप त्या एका म्हातारीच्या झिंज्या धरून काढला असता. जिजी नुसती तिच्याकडे बघत राहिली. मग तिने जागेवरून सरकून आपल्या शेजारी जागा केली.

"आठे बठ," ती म्हणाली. "आते तू म्हन."

म्हातारीने पदर काढला. पहिला शब्द तिला फुटेना. जिजीने तो तिला दिला, "हासनी नही," आणि थांबली. मग म्हातारीने तिथून ओळ धरली, आणि हळूहळू, एकेक करत, त्या बायकांनी ती उचलली.